काखेतला कळसा आणि शाळेची सहल

प्रति,
अहिल्यानगर जिल्ह्यातील सर्व शाळांचे मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समित्यांचे सन्माननीय सदस्य यांस



शालेय सहल म्हणजे दूरचा प्रवास, हे समीकरण जिल्ह्यातील शाळांत इतके रूढ झाले आहे की सहलीचे ठिकाण ठरवताना ते शाळेपासून किती लांब आहे, यावरच त्याची योग्यता मोजली जाते. दिवाळीची सुट्टी संपली की सूचनाफलकावर लागणाऱ्या पत्रकात रायगड, प्रतापगड, महाबळेश्वर, कोकणचा एखादा किनारा किंवा जलक्रीडेचे उद्यान यांपैकी काहीतरी असते. पहाटे निघून मध्यरात्री परतणाऱ्या या प्रवासात दिवसाचा मोठा भाग बसमध्ये जातो, आणि ज्या घरांना शुल्क झेपत नाही त्या घरांतील मुले त्या दिवशी घरीच राहतात. रायगड विद्यार्थ्यांनी पाहावाच, याविषयी दुमत नाही. परंतु वर्षातून एकदा दोनशे किलोमीटर जाणाऱ्या विद्यार्थ्याला शाळेमागचा ओढा कुठून येतो हे सांगता येत नसेल, तर सहलीच्या प्रचलित पद्धतीत काही उणे आहे, असे म्हणणे भाग पडते. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण शाळांच्या सहलींना जितकी लागू पडते तितकी क्वचितच दुसऱ्या कशाला लागू पडत असेल. शाळेपासून पायी किंवा एसटीच्या एका फेरीत गाठता येईल अशा भटकंतीला शालेय वर्षात निश्चित स्थान मिळावे, एवढीच या पत्रातील मागणी आहे.

अशा भटकंतीला येथे ‘लघुसाहस’ म्हटले आहे. एका दिवसात जाऊन परत येता येईल इतक्या अंतरावर, खास साहित्याशिवाय आणि नाममात्र खर्चात केलेली, तरीही पुढे काय दिसेल हे पूर्णपणे ठाऊक नसल्यामुळे मनाला जागे ठेवणारी फेरी, असा त्याचा अर्थ. ‘मायक्रोअ‍ॅडव्हेंचर’ या नावाने ही कल्पना अलीकडच्या काळात अलास्टर हम्फ्रिज या ब्रिटिश प्रवासलेखकाने लोकप्रिय केली. २००१ ते २००५ या काळात सायकलवरून जगप्रदक्षिणा करून आलेल्या या माणसाने २०११ मध्ये लंडनभोवतीच्या वर्तुळाकार महामार्गाच्या आसपासच्या रानाशेतांतून पायी फेरी मारली आणि साहसासाठी दूरदेशी जावे लागत नाही असा निष्कर्ष काढला. नोकरीचे नऊ ते पाच सुटत नसतील तर उरलेले पाच ते नऊ माणसाच्या हातात असतातच, हे त्याच्या प्रतिपादनाचे सार होते.

महाराष्ट्राला मात्र ही कल्पना बाहेरून आणावी लागत नाही. दसऱ्याच्या दिवशी तिसऱ्या प्रहरी गावाने एकत्र जमून शीव ओलांडायची, शमीचे किंवा आपट्याचे पूजन करायचे, पाने घेऊन दिवेलागणीला घरी परतायचे आणि ती थोरांच्या हातात ठेवून पाया पडायचे, हे जे सीमोल्लंघन, बोलीतले ‘शिलंगण’, त्याची रचना तपासली तर ती लघुसाहसाचीच रचना आहे: सोबत, ओळखीच्या हद्दीबाहेर पडणे, काहीतरी घेऊन येणे आणि त्याच दिवशी परतणे. कार्तिकातले आवळीभोजन आणि शाळांचे जुने वनभोजन हीदेखील याच कुळातली. सीमोल्लंघनाचा विधी बहुतेक गावांत टिकला आहे. शिवेवर काय आहे ते डोळे उघडे ठेवून पाहण्याची सवय मात्र सुटत चालली आहे.

यावर घेतला जाणारा नेहमीचा आक्षेप असा की अकोले तालुका सोडला तर जिल्ह्यात पाहण्यासारखे आहे काय. हा आक्षेप समजण्याजोगा आहे. १७,०४८ चौरस किलोमीटर क्षेत्रफळाचा हा जिल्हा राज्यात सर्वांत मोठा असला तरी त्याची पर्यटनातली ओळख पश्चिमेच्या एकाच कोपऱ्यात साठली आहे. राज्यातील सर्वोच्च शिखर असलेले १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई, हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा, साम्रदजवळची सांदण दरी, रतनगड आणि प्रवरेवर १९२६ मध्ये पूर्ण झालेले भंडारदरा धरण हे सारे अकोल्यात आहे, आणि उरलेले तेरा तालुके पर्जन्यछायेतले, म्हणजे सह्याद्रीने पावसाचे ढग अडवल्यामुळे कोरड्या राहिलेल्या प्रदेशातले आहेत. या ओळखीची किंमत अकोल्यालाही मोजावी लागते. पावसाळ्याच्या तोंडावर हिरडा, बेहडा, सादडा यांसारख्या झाडांवर काजवे चमकू लागले की भंडारदऱ्याच्या रस्त्यावर मोटारींची रांग लागते, आणि ज्या अंधारात काजव्यांचे नर व माद्या प्रकाशाच्या खुणांनी एकमेकांना शोधतात, तो अंधारच दिव्यांच्या झोतांनी नाहीसा होतो. म्हणून उरलेल्या तेरा तालुक्यांत काय आहे, हा प्रश्न अकोल्याच्याही हिताचा आहे.

त्याचे पहिले उत्तर पारनेर तालुक्यात निघोज येथे कुकडी नदीच्या पात्रात मिळते. येथे काळ्या पाषाणात रांजणासारखे पोकळ, गुळगुळीत काठांचे शेकडो खड्डे पडले आहेत, ज्यांना रांजणखळगे म्हणतात. हा पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांतून बाहेर आलेल्या लाव्हाचा थंड होऊन बनलेला बेसॉल्ट होय. त्याच्या पृष्ठभागावरच्या एखाद्या लहानशा खोलगटीत पुराच्या वेळी दगडगोटे अडकतात. वरून धावणाऱ्या पाण्याच्या भोवऱ्याने ते तिथल्या तिथे फिरू लागतात. फिरता फिरता ते स्वतः झिजतात आणि खालचा खडकही झिजवतात. मुसळ पाण्याने फिरवलेले उखळ, असे या क्रियेचे वर्णन करता येईल. गोटा झिजून संपला की पुढच्या पुरात दुसरा येतो, खळगा खोल व रुंद होत जातो, शेजारच्या दोन खळग्यांमधली भिंत पातळ होऊन फुटते आणि असे अनेक खळगे एकमेकांत मिसळले की खडकात अरुंद घळई तयार होते. नदीचे पाणी कमी झालेल्या दिवसांत सुरक्षित अंतरावरून एखाद्या कोरड्या खळग्याच्या तळाकडे पाहिले तर त्यात ते गोटे अजून पडलेले दिसतात. म्हणजे शिल्प आणि छिन्नी दोन्ही एकाच जागी दिसतात, आणि ही सोय कोणत्याही संग्रहालयात नसते.

त्याच तालुक्यातील वडगाव दर्या येथील घळीत, देवीच्या स्थानाजवळ, छतावरून झिरपणाऱ्या पाण्याने लोंबते लवणस्तंभ घडवले आहेत. असे स्तंभ सहसा चुनखडकाच्या प्रदेशात आढळतात. बेसॉल्ट हा चुनखडक नव्हे. मात्र त्याच्या घटक खनिजांत कॅल्शियम असते, पावसाचे पाणी हवेतील व मातीतील कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी बनते, खडकातून झिरपताना ते कॅल्शियम विरघळवून नेते आणि मोकळ्या हवेत येताच चुन्याचा अतिसूक्ष्म थर मागे ठेवते. विज्ञानाच्या पुस्तकात चुन्याच्या निवळीचा प्रयोग शिकवला जातो. येथे तोच व्यवहार शतकानुशतके संथपणे चालू आहे.

दुसरे उत्तर प्रवरेच्या काठी आहे. संगमनेर तालुक्यातील जोर्वे, श्रीरामपूर तालुक्यातील दायमाबाद आणि नेवासे ही तीन ठिकाणे भारतीय पुरातत्त्वात प्रसिद्ध आहेत. जोर्वे येथे १९५०-५१ मध्ये झालेल्या उत्खननामुळे तांबड्या पृष्ठावर काळ्या रंगाने भौमितिक नक्षी काढलेल्या, पातळ पण खणखणीत भाजलेल्या भांड्यांच्या संस्कृतीला ‘जोर्वे संस्कृती’ हे नाव मिळाले. ती ताम्रपाषाणयुगीन, म्हणजे तांबे व दगड या दोहोंची हत्यारे एकाच वेळी वापरणाऱ्या शेतकऱ्यांची संस्कृती होती. दायमाबाद येथे १९७४ मध्ये झाडाच्या मुळाशी खणत असलेल्या स्थानिक रहिवाशाला ब्राँझच्या चार वस्तू सापडल्या: बैलजोडी जुंपलेला रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस, त्यांचे एकत्रित वजन ६० किलोहून अधिक भरते. नेवाशात डॉ. ह. धी. सांकळिया यांच्या मार्गदर्शनाखाली १९५४ ते १९५६ या काळात झालेल्या उत्खननाने अश्मयुगीन हत्यारांपासून मध्ययुगापर्यंतचा मानवी वावर उजेडात आणला, आणि ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली असे मानले जाते तो पैस खांबही याच गावात आहे. प्रवरेच्या काठावरील गावांतील विद्यार्थी हा इतिहास पाठ्यपुस्तकाच्या एखाद्या परिच्छेदात वाचतात, आणि ज्या पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या राखेमातीने बनलेल्या फिकट रंगाच्या उंचवट्यावर, तो घडला तिच्या कडेने रोज शाळेत जातात. अशा पांढरीवर शिक्षकासोबत शांतपणे तासभर फिरणे आणि खापराचा तुकडा न उचलता जागच्या जागी पाहून त्याचे चित्र वहीत काढणे, हा इतिहासाचा खरा तास ठरेल. वस्तू जागेवरून हलली की तिची अर्धी माहिती नष्ट होते आणि संरक्षित स्थळी ती उचलणे कायद्याविरुद्ध आहे, हेही त्याच तासात शिकवता येईल.

तिसरे उत्तर माळरानाचे आहे. माळ म्हणजे पडीक जमीन असा समज इतका पक्का आहे की त्यावर काही पाहायला जावे असे कुणाला सुचत नाही. प्रत्यक्षात उथळ मातीवर आणि अल्प पावसावर वाढणारे गवत ही स्वतंत्र परिसंस्था आहे, म्हणजे परस्परांवर अवलंबून असलेल्या वनस्पती-प्राण्यांची एक घडी आहे, आणि तिची ओळख करून देणारे कर्जत तालुक्यातील रेहेकुरी अभयारण्य अवघे २.१७ चौरस किलोमीटरचे आहे. तेथील काळविटांत पूर्ण वाढलेला नर वरून काळा व पोटाखाली पांढरा असतो, त्याची शिंगे पिळाची असतात आणि माद्या तांबूस-पिवळ्या असतात. धोका जाणवताच कळपातील एकेक जनावर हवेत उंच उसळी घेते. विद्यार्थ्यांना वाघ पाहायला चंद्रपूरला नेण्याची ऐपत फार थोड्या शाळांची असेल, परंतु भारतातील अत्यंत वेगवान तृणभक्षक कर्जत, श्रीगोंदे, जामखेड येथील शाळांना एका सकाळीत दाखवता येतो.

अहिल्यानगर शहरातील शाळांसाठीही वाटा आहेत. शहरापासून सुमारे १३ किलोमीटरवर शाह डोंगरावर जी अष्टकोनी, तीन मजली वास्तू दिसते तिला सर्वत्र ‘चांदबीबीचा महाल’ म्हणतात. वस्तुतः ती मुर्तझा निजामशहाचा मंत्री दुसरा सलाबतखान याची कबर आहे. लोकांनी एका मंत्र्याच्या कबरीला १५९५-९६ मध्ये शहराचा किल्ला लढवणाऱ्या राणीचे नाव का दिले असेल, हा प्रश्न घेऊन डोंगर चढणारा विद्यार्थी इतिहास आणि लोकस्मृती यांतला फरक शिकून उतरेल. शहराच्या उत्तरेला डोंगरगण व मांजरसुंब्याच्या बाजूला आणखी सूक्ष्म गोष्ट पाहायला मिळते. तेथील माथा हा जलविभाजक आहे, म्हणजे त्याच्या दोन उतारांवर पडलेले पाणी दोन निरनिराळ्या नद्यांकडे जाते: उत्तरेचे मुळा-प्रवरेमार्गे गोदावरीला आणि दक्षिणेचे सीनेमार्गे भीमेला. माथ्यावर उभे राहून बाटलीतले थोडे पाणी दोन्ही बाजूंना ओतणाऱ्या मुलाला पाणलोट ही संज्ञा पुन्हा समजावून द्यावी लागत नाही. हिवरे बाजारच्या डोंगरउतारावर समान उंचीवर खोदलेले सलग समतल चर पावसाचे पाणी का थांबवतात, हेही त्याला आपोआप उमगते.

या सर्व ठिकाणांना काही ना काही प्रसिद्धी आहे. परंतु लघुसाहसाची खरी कसोटी निनावी जागेत लागते, आणि अशी जागा प्रत्येक शाळेजवळ असते: गावचा ओढा. पावसाळा सरल्यावर पाणी ओसरलेल्या ओढ्याच्या उभ्या कडेपाशी थांबले, की जमिनीचा छेद समोर उलगडतो. वर हातभर काळी माती आणि तिच्यात गुंतलेली गवताची मुळे. तिच्याखाली पिवळट माती आणि तिच्यात हरभऱ्याएवढे पांढरे चुनखडे. त्याखाली वाळू व गोट्यांचा पट्टा, जो कधीकाळच्या मोठ्या पुराची खूण आहे. आणि तळाशी मुरूम, म्हणजे कुजत चाललेला बेसॉल्ट. पट्ट्यातले गोटे गोल असतील तर ते दुरून वाहत आले, कोनदार असतील तर जवळूनच. कडेच्या भुसभुशीत थरात आडवी बिळे दिसली तर ती वेड्या राघूंची किंवा खंड्याची असण्याचा संभव असतो. पलीकडच्या विहिरीवर वाकलेल्या बाभळीला सुगरणीची घरटी लोंबत असतील तर त्यांतली काही अर्धवट, टोपीच्या आकाराची दिसतील. नर तेवढे विणून थांबतो, मादी येऊन पारखते, तिने पसंत केले तरच घरट्याला नळी लागते आणि नापसंत ठरलेले तसेच लोंबत राहते. मोजपट्टी, वही आणि पेन्सिल एवढ्या साहित्यावर विद्यार्थ्यांचा गट अशा ओढ्याच्या कडेला सबंध सकाळ गुंतून राहू शकतो, आणि त्यासाठी ना बस लागते ना तिकीट.

नियोजनासाठी तीन साधने पुरेशी आहेत. पहिले, गावनकाशा: भूमी अभिलेख खात्याच्या या नकाशात गटांच्या हद्दी, ओढे, शिवरस्ते आणि पाणंदी, म्हणजे शेतांमधून जाणाऱ्या जुन्या सार्वजनिक वाटा, दाखवलेल्या असतात, नकाशात असलेली पण काटेरी झुडपांनी बुजलेली पाणंद शोधून काढणे हेच एक उत्तम लघुसाहस ठरते. दुसरे, गावातील गुराखी, मेंढपाळ आणि म्हातारी माणसे, ज्यांच्याकडे झऱ्यांची, झाडांची आणि जागांच्या नावांची न लिहिलेली माहिती असते. तिसरे, एसटी. राज्य परिवहनाची पहिली बस १ जून १९४८ रोजी पुणे आणि तेव्हाचे अहमदनगर यांदरम्यान धावली, त्यामुळे या सेवेच्या आरंभाशीच हा जिल्हा जोडलेला आहे; सकाळच्या गाडीने शेजारच्या गावी जाऊन पाणंदीने चालत परतण्याचा बेत त्या वारशाला शोभणारा आहे.

सुरक्षिततेचा प्रश्न मात्र सबब म्हणून किंवा औपचारिकता म्हणून हाताळता येणार नाही. प्रवरा-मुळेच्या खोऱ्यातील उसाच्या पट्ट्यात बिबट्याचा वावर आहे. उंच ऊस त्याला लपायला आणि मादीला पिले वाढवायला सोयीचा पडतो. म्हणून फेरी उन्हे वर आल्यावर सुरू होऊन दुपार ढळण्याआधी संपावी, गट विखुरू नये, उसाच्या कडेने जाणे टाळावे आणि स्थानिक वनरक्षकाला आधी कळवावे. नदीपात्रात उतरण्यापूर्वी वरच्या धरणातून पाणी सोडले आहे का याची खात्री करून घ्यावी, रांजणखळग्यांच्या काठावर ओल असताना मुळीच जाऊ नये आणि जलाशयात पोहण्याचा विषय काढू नये. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार विषारी सापांची ओळख आणि दंश झाल्यास थेट सरकारी दवाखाना गाठण्याचा नियम प्रत्येकाला पाठ असावा. विजा चमकत असताना एकाकी झाडाखाली थांबू नये. नॉर्वेमध्ये १९५७ च्या कायद्याने पडीक व बिनलागवडीच्या मोकळ्या भूमीवर कुणालाही हिंडण्याचा हक्क दिला आहे. आपल्याकडे तसा कायदा नाही, त्यामुळे खासगी शेतात शिरण्यापूर्वी शेतकऱ्याची परवानगी घेणे, उभ्या पिकातून न जाणे आणि उघडलेले फाटक पुन्हा लावणे हे शिष्टाचार भटकंतीचाच भाग मानावेत. शेतकऱ्याला विचारायला गेलेल्या गटाला बहुधा परवानगीसोबत त्या शिवाराची हकिकतही ऐकायला मिळते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दहा दिवसांच्या दप्तरमुक्त कालावधीची शिफारस आहे आणि शाळेबाहेरील अनुभवांना त्यात स्थान आहे. त्यामुळे या मागणीसाठी नवे धोरण किंवा नवा निधी आवश्यक नाही. मुख्याध्यापकांनी या दिवसांपैकी निदान चार दिवस गावच्या शिवारासाठी राखावेत, व्यवस्थापन समितीने गावनकाशाची प्रत मिळवून ती शाळेच्या भिंतीवर लावावी, आणि प्रत्येक फेरीनंतर विद्यार्थ्यांनी पाहिलेल्या गोष्टींच्या नोंदी एकाच जाड वहीत वर्षानुवर्षे जमा कराव्यात, जेणेकरून दहा वर्षांनी त्या वहीतून गावचा ओढा, गवत, पक्षी आणि वाटा यांचा अस्सल इतिहास उभा राहील. सहलीला येऊ न शकणाऱ्या मुलांचा प्रश्नही यामुळे उरणार नाही, कारण शुल्क नसलेल्या फेरीत मागे राहण्याचे कारणच कुणाला राहत नाही.

आरंभासाठी दसऱ्यापेक्षा योग्य मुहूर्त नाही. सुट्टी लागण्याच्या आदल्या दिवशी शाळेने मुलांना सोबत घेऊन आपले सीमोल्लंघन करावे, आणि शाळेच्या फाटकापासून गावाची शीव नेमकी किती पावलांवर आहे, एवढेच त्या दिवशी मुलांनी मोजून वहीच्या पहिल्या पानावर लिहावे.



अहिल्यानगर जिल्ह्यातील एक नागरिक